टर्बोचा पाईप आणि दाजींचे हात

नेकनूरच्या अलीकडं रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. गॅरेज म्हणायचं म्हणून म्हणायचं. चार लोखंडी खांब, वर पत्रा, मागं एक खोली आणि पुढं डिझेल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन. परळीच्या वीज केंद्रातली राख भरून निघालेल्या गाड्या समोरून जातात. ताडपत्री कितीही आवळून बांधली तरी राख उडायची ती उडतेच. चहाच्या कपात पडते, भुवयांत बसते, पान्यांच्या पेटीत थर धरते. बायको सकाळी झाडून काढते आणि दुपारी पुन्हा पाहिलं तर होतं तसंच. आधी ती त्यावरून रोज वैतागायची, आता बोलायचंही सोडलंय. मीही सोडलंय. थकलोय आम्ही दोघं, दुसरं काय.

लोकांना वाटतं, मेकॅनिक म्हणजे रोज इंजिन खोलून बसणारा माणूस. कसलं काय. माझं निम्मं आयुष्य रबराचे पाईप बदलण्यात गेलं. इंजिनाला टर्बो नावाचा एक पंखा असतो, तो हवा दाबून भरतो. दाबली की हवा तापते. तापलेली हवा तशीच आत गेली तर गाडी नीट ओढत नाही, म्हणून ती आधी रेडिएटरपुढच्या एका जाळीतून फिरवून गार करतात. त्या जाळीला इंटरकूलर म्हणतात. टर्बोपासून जाळीपर्यंत आणि जाळीपासून इंजिनापर्यंत लोखंडी नळ्या जातात, आणि त्यांच्या सांध्यांवर वीतभर लांबीचे रबरी पाईप असतात. इंजिन सारखं हलतं, जाळी जागची हलत नाही, आणि त्या दोघांच्या भांडणात मधल्या मध्ये हा पाईप मरतो. फाटला किंवा निसटला की सगळी हवा बाहेर. गाडी काळा धूर ओकते आणि चढ आला की दमलेल्या बैलासारखी बसते.

पाईप बदलणं अवघड नाही. अवघड आहे तो निवडणं, आणि त्याहून अवघड आहे लोकांना समजावणं. जुना पाईप पिशवीत घालून बीडला नेतात आणि दुकानदाराला म्हणतात, असाच द्या. अरे बाबा, जुना पाईप उष्णतेनं फुगलेला असतो. त्याच्या मापाचा नवा आणला तर तो नळीवर ढिलाच बसणार. माप नळीचं घ्यायचं असतं, पाईपाचं नाही. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता सांगता सांगता माझी मलाच झोप येते. कुणी रेडिएटरच्या पाण्याचा पाईप आणतो, कारण तोही काळा आणि तोही गोल. तो हवेच्या दाबानं फुग्यासारखा फुगतो आणि पहिल्याच घाटात फाटतो. कुणी नुसता रंग बघून निळा पाईप उचलतो. अहो, केबिनखाली कोण बघणार आहे तुमचा रंग? कापलेल्या कडेला कापडाचे थर किती आहेत ते बघा, चिमटीत दाबून बघा, टर्बोजवळच्या गरम बाजूला बसवायचाय की जाळीच्या पलीकडच्या गार बाजूला ते आधी ठरवा. पण नाही. निळा पाहिजे.

माझा स्वभाव तापट आहे हे मला ठाऊक आहे. बायको म्हणते, तुमच्यातच एक टर्बो बसवलाय. असेल. पण ज्या माणसावर मला कधी तापता आलं नाही, ते म्हणजे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गाव नांदूरघाटाकडचं, घराणं मेंढपाळांचं. वडील, आजे सगळे मेंढरांमागं हिंडलेले. मेंढरं सोडून स्टेअरिंग धरलं ते पहिलं दाजींनीच, आणि साठीला टेकले तरी सोडलं नाही. परळीच्या एका व्यापाऱ्याच्या तीन गाड्या राख वाहतात. त्यातली सगळ्यात जुनी दहाचाकी दाजींच्या हातात. त्या व्यापाऱ्याला आम्ही सगळे शेठ म्हणतो. वयानं दाजींपेक्षा बरेच लहान, सोमवारी वैजनाथाचं दर्शन घेतल्याशिवाय दुकानाचं कुलूप काढत नाहीत, कपाळावर भस्माचे पट्टे ठसठशीत. गाड्यांतून राख, कपाळावर राख, तुमचं सगळं राखेवरच चाललंय की शेठ, असं मी एकदा बोलून गेलो. ते मनापासून हसले. माणूस वाईट नाही. पण गाडी उभी राहिली की हसू जातं.

दाजींचं गाडीवर भारी प्रेम. माझ्याकडं आले की आधी चहा नाही, पाणी नाही. खाली उतरून दहाही चाकांवरनं हात फिरवत एक फेरी मारणार, खांद्यावरच्या पंच्यानं आरसे पुसणार, ताडपत्रीची दोरी ओढून बघणार, मग बाकावर टेकणार. आक्का एकदा माझ्या बायकोला म्हणाली, “माझ्या पाठीवरनं कधी आसा हात फिरला न्हाई बाई.” दाजींनी ऐकलं आणि म्हणाले, “तू कुटं राख वाहती?” आक्का त्यावर दिवसभर बोलली नाही, पण संध्याकाळी भाकरी तिनंच वाढली.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी दाजींचा फोन आला.

“मेव्हणं, गाडी गप झाली.”

“गप म्हंजी?”

“वढीना. नुसता काळा धूर सोडायली.”

मांजरसुंब्याच्या घाटात होते. मी म्हटलं, पाईप गेला असणार, बांधा काहीतरी आणि हळूहळू इकडं या. त्यांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली आणि उताराउतारानं दुपारपर्यंत गाडी आणली. इंजिनावरची केबिन पुढं कलती उचलून बघितलं तर टर्बोच्या तोंडाशीच पाईपाला लांब चीर पडलेली. जुनाच होता, त्याचे दिवस भरले होते. माझ्याकडं चांगला जाड काळा पाईप होता. नळीची दोन्ही टोकं पेट्रोलच्या फडक्यानं पुसली, कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसली, पाईप ढकलून बसवला आणि त्यावरचा पत्र्याचा पट्टा, म्हणजे क्लँप, आवळला. नळीच्या टोकाला एक उंचवटा असतो, क्लँप त्याच्या मागं बसायला हवा. दाजी शेजारी उभं राहून सगळं बघत होते. बसवायच्या आधी त्यांनी तो पाईप हातात घेऊन चिमटीत दाबून बघितला होता.

“लई कोरडं हाय ओ ह्ये रबर,” ते म्हणाले.

“नवं हाय ना.”

“तसं न्हवं. उनाचं तडकंल.”

“न्हाई तडकत,” मी म्हटलं, आणि विषय तिथंच राहिला.

आठवडाही गेला नाही. पुन्हा फोन, पुन्हा तोच घाट. या वेळी पाईप फाटला नव्हता, नळीवरून निसटून बाहेर आला होता. क्लँप नळीवर तसाच, पाईप बाजूला लोंबकळत. मी क्लँपला शिव्या दिल्या. हल्लीचे क्लँप म्हणजे नुसता पत्रा. केबिनखाली वाकलेलो असताना भज्यांसारखा वास आला, तर मला वाटलं पलीकडच्या हॉटेलात कढई चढली असेल. पोटात भूकही होती. दुसरा, जाड पट्ट्याचा क्लँप लावला आणि गाडी वाटेला लावली.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. गाडीतून उतरले, बाकावर बसले, चहा नको म्हणाले. चहा नको म्हणाले तेव्हाच मी ओळखलं.

“तुम्ही पाव्हणे आहात त्यांचे,” शेठ म्हणाले, “म्हणून तुम्हालाच सांगतो. बाकीच्या दोन गाड्या त्याच घाटातनं जातात. त्यांचे पाईप निसटत नाहीत. मग मामांचाच कसा निसटतो?”

दाजींना ते मामा म्हणायचे. मी म्हटलं, गाडी जुनी आहे.

“गाडी जुनी आहे आणि मामाही जुने झालेत. चढाला गिअर वेळेवर पडत नसंल, नुसता ॲक्सिलेटर दाबून धरत असतील. माझ्या मनात राग नाही. पण आता आणखी एकदा गाडी घाटात उभी राहिली, की मी चावी दुसऱ्याला देणार. तुम्ही त्यांना आधी सांगून ठेवा.”

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, म्हणून मला भांडताही आलं नाही. त्या वयाच्या ड्रायव्हरला दुसरी गाडी कोण देतो? इथं विशीतली पोरं चावीसाठी रांगा लावून उभी आहेत. दाजींकडं शेती कोरडवाहू, ती पुतण्या बघतो. मेंढरं तर बापाच्या मागंच विकली. ती गाडी गेली असती तर दाजी ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्यांच्या गाड्या बघत राहिले असते.

मी दाजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलं.” आणि फोन ठेवला. संध्याकाळी आक्काचा फोन.

“तू काय सांगितलं रे त्यान्ला? जेवना झाल्यात. ताटावरनं उठल्यात.”

“शेठनं सांगितलेलं सांगितलं.”

“तेवढं बग बाबा तू. ती गाडी गेली तर ह्यो मानूस घरात बसून मरंल. आन् मलाबी मारंल.”

“बघतो गं,” म्हटलं. आणखी काय म्हणणार? माझी पाठ दुखत होती, गुडघे दुखत होते आणि डोक्यात तो एक पाईप घुसून बसला होता.

मग मी काहीच बाकी ठेवलं नाही. दाजींची गाडी एक दिवस मागून घेतली. इंजिनाच्या बैठकीचे रबर खचले असले की इंजिन जास्त डुलतं आणि पाईप ओढून काढतं, म्हणून ते तपासले. ठीक होते. नळ्यांची तोंडं एका रेषेत आहेत का बघितलं. होती. मग स्वतः बीडला गेलो. उन्हात चार दुकानं फिरलो आणि गरम बाजूसाठी लाल सिलिकॉनचा पाईप घेतला, कापडाचे थर मोजून, मधे लोखंडी कड्या असलेला. दुकानदार म्हणाला, एवढं काय बघताय, पोरगी बघायला आलात का. मी म्हटलं, पोरगी बघायला आलो असतो तर एवढं बघितलं नसतं. क्लँपही स्प्रिंगचे घेतले, गरम झाल्यावर पाईप मऊ पडला तरी पकड न सोडणारे. येऊन जुना पाईप न बघताच भंगारात टाकला, नळी पुसली आणि सगळं उजेडात, शांतपणे बसवलं. आयुष्यात इतक्या जपून मी एकही पाईप बसवला नसेल. दाजी मागं हात बांधून उभे होते. चेहरा उतरलेला.

“आता काय बी झालं तरी निघायचा न्हाई,” मी म्हटलं.

“न्हाई निगायचा,” ते म्हणाले. “मीबी जपतो.”

तिसऱ्या दिवशी सकाळी पाईप निघाला. घाट अजून सुरूही झाला नव्हता. फोन दाजींनी केला नाही, शेठनी केला. मागून त्यांचीच दुसरी गाडी येत होती, तिच्या ड्रायव्हरनं त्यांना कळवलं होतं. गाडी धुरातच माझ्या दारात येऊन थांबली, आणि त्या दिवशी बीडला आलेले शेठही थोड्याच वेळात येऊन पोचले. दाजी केबिनमधून उतरले ते चाकांवरून हात न फिरवताच बाकावर बसले. चावी हातातच होती. ती ते पुन्हा पुन्हा पंच्याला पुसत होते.

शेठ फोन आला म्हणून पलीकडच्या हॉटेलाच्या सावलीत जाऊन बोलू लागले. मी केबिन उचलली.

खरं सांगतो, मला रडू येत होतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हातात पाना, आणि एका लाल पाईपासाठी रडू. काय चुकलं तेच कळेना. पाईप धड, क्लँप धड, नळी धड. मी पाईप ओढून बाहेर काढला, तर तो बोटांतून सुळकन निसटून खाली पडला.

पुन्हा उचलला. आत बोट घातलं. बुळबुळीत. टर्बो तेल टाकतोय की काय, असं आलं मनात. म्हणजे टर्बोच गेला. मग बोट नाकाशी नेलं. इंजिन ऑइलचा वास मला झोपेतही ओळखू येईल. हा तो नव्हता. हा भज्यांचा वास होता. पलीकडच्या हॉटेलात तर चूलही पेटलेली नव्हती.

करडईचं तेल. आक्काच्या घरी शिरलं की पहिल्यांदा नाकाला भेटतो तो वास. आमच्या घरात बायको हल्ली पिशवीतलं दुसरं तेल वापरते, पण आक्का अजून घाण्यावरून करडईचं काढून आणते. टर्बोजवळ तापून तापून त्या तेलाचा नळीवर पिवळा, चिकट थर धरला होता.

मी वळून दाजींकडं बघितलं.

“दाजी, ह्याला तेल कुणी लावलं?”

“मी,” ते म्हणाले. सहज म्हणाले. “कावून?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. “कावून? मी हिकडं नळी पुसून पुसून कोरडी करायलोय, उन्हात दुकानं फिरायलोय, आन् तुमी घरी नेऊन तेल चोपडताय? हवेचा एवढा दाब येतो आतनं. तेल लावल्यावर धरील का त्यो? अहो, घसरंल न्हाई तर काय करंल?”

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना समजत होतं, पण एकदम नाही. हळूहळू, एकेक पायरी उतरल्यासारखं.

“आमच्यात नवी वस्तू कोरडी वापरत न्हाईत,” ते म्हणाले. “बा वहाणा आणायचा, तर आदी तेलात भिजवायचा. चामड्याची वादी, पखाल, समदं. कोरडं ठिवलं की उनानं तडकतं. ह्येबी तसंच वाटलं मला. घरी गेल्यावर क्लँप ढिला केला, काडला, आतनं-बाहिरनं तेल चोळलं, पुन्हा जसाच्या तसा बसवला.”

“दर खेपंला?”

“पयल्यांदा थोडंच लावलतं. निसटला, तवा वाटलं कमी पडलं. मग जास्त लावलं. ह्या खेपंला शेठनं तसं म्हनल्यावर, रातभर मुरू दिलं.”

सीटच्या मागून त्यांनी एक औषधाची रिकामी बाटली काढली. तळाशी थोडं तेल होतं. आक्कानं गुडघ्याला चोळायला दिलेलं. गुडघ्याला त्यांनी थेंबही लावला नव्हता.

माझा राग तिथंच बसला. राग धरायलाही अंगात जोर लागतो. मी त्यांच्याशेजारी बाकावर टेकलो. पलीकडं शेठचं बोलणं संपत आलं होतं. मी हळू आवाजात म्हटलं, “दाजी, तुमी काय बोलू नका. क्लँप खराब निघाला म्हणून सांगतो. दोष माझ्यावर घेतो. लई तर त्यांच्या गाड्या दुसऱ्याकडं जातील. जाऊ द्या.”

शेठ रस्ता ओलांडून आले.

“काय निघालं?”

“क्लँप,” मी म्हटलं. “माल खराब लागला, शेठ. माझीच—”

“न्हाई शेठ,” दाजी उठून उभे राहिले. “मेव्हण्याचा क्लँप चांगला हाय. म्याच पाईपाला तेल लावलतं. तिन्ही खेपंला. तडकू नये म्हणून.”

आणि बाटली पुढं केली. दुसऱ्या हातात चावी होती, तीही पुढं केली.

शेठनी आधी बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. त्यांनी पाईप उचलला, वास घेतला, हाताला लागलेलं तेल रुमालाला पुसलं. हसतील असं वाटलं. हसले नाहीत. शिव्या देतील असं वाटलं. त्याही दिल्या नाहीत. ते पण दमलेले दिसत होते, तीन गाड्यांचा माणूस झाला तरी.

“म्हणजे चालवण्यात चूक नव्हती,” ते शेवटी म्हणाले.

“न्हाई,” मी म्हटलं. “चालवण्यात कधीच न्हवती.”

“मग चावी राहू द्या मामा. गाडी तुम्हीच चालवा. पण एक ऐका. आजपासून गाडीला हात लावायचा नाही. खोलायचं नाही, पुसायचं नाही, काही लावायचं नाही. स्टेअरिंग धरायचं, माल टाकायचा, उतरायचं. बाकी सगळं हे बघतील.” माझ्याकडं बोट केलं. “जमेल?”

दाजींनी एकदा गाडीकडं बघितलं. “जमंल,” म्हणाले.

मी नळी चुन्यासारखी कोरडी होईपर्यंत पुसली, नवा पाईप घातला आणि गाडी गेली. आक्काला फोन लावून सांगितलं, गाडी राहिली. ती म्हणाली, देव पावला. रात्री पुन्हा फोन करून दाजी जेवले का म्हणून विचारलं तर म्हणाली, जेवले, पण मुक्यानं. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. गाडी राहिली होती, तेवढंच मला पाहिजे होतं.

पाईप टिकला. पुढं पाऊस येऊन गेला तरी टिकलाय, हललासुद्धा नाही. गाडी घाट चढते, उतरते. शेठ खूश आहेत, चहा घेतात. दाजी अधूनमधून गाडी घेऊन येतात, उतरतात आणि सरळ बाकावर येऊन बसतात. चाकांची फेरी नाही. आरशांवर राख बसलेली असते, ते तशीच ठेवतात. ताडपत्रीची दोरी सुटलेली दिसली तरी मलाच सांगतात, “मेव्हणं, ते बगा तुमी.” मी केबिन उचलली की चार हात लांब जाऊन उभे राहतात, हात पाठीमागं बांधून. सगळ्या ड्रायव्हरांनी असंच वागावं, म्हणजे माझी निम्मी डोकेदुखी कमी होईल, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. आता समोर तसा एक ड्रायव्हर उभा राहतो आणि मला त्याच्याकडं बघवत नाही. एकदा म्हटलंही, दाजी, चाकावरनं हात फिरवला तर काय होत नसतं. ते म्हणाले, “नगं. हाताला सवय लागती.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माझ्याकडं पान्यांची पूजा असते. गाड्याही धुऊन आणतात. दाजींची गाडी मीच धुतली. झेंडूचा हार बांधला, नारळ आणला. बायकोनं ताटात हळद-कुंकू ठेवलं. दरवर्षी दाजी स्वतः गाडीच्या तोंडावर पाच बोटं ओढायचे, मग चाकांना, मग स्टेअरिंगला. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी ताट घेऊन मी वाट बघत उभा राहिलो, तर ते पुढंच होईनात.

“या की,” मी म्हटलं.

ते दोन पावलं पुढं आले. हळूच, बायकोला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, “मेव्हणं, हळद-कुकू चालतं का ओ? का त्येनंबी काय निसटतं?”

थट्टा करतायत असं समजून मी हसलो. वर बघितलं, तर ते हसत नव्हते. खरंच विचारत होते.

“चालतं दाजी,” मी म्हटलं. “त्येनं काय बी होत न्हाई.”

“बगा हां.”

“चालतं म्हनलं ना.”

तरी ते आधी नळावर गेले. साबण लावून हात धुतले, मनगटापर्यंत. माझं कोरडं फडकं घेऊन एकेक बोट पुसलं. परत आले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले, शाळेत मास्तर नखं बघायचे तेव्हा आम्ही धरायचो तसे. लग्नात आमच्या वडलांनी ह्याच तळव्यांवर पाणी सोडून आक्का त्यांच्या हवाली केली होती. मी शेजारी उभा होतो, लहान होतो, पण मला ते हात आठवतात.

“बगा,” ते म्हणाले, “कोरडे हायेत.”

मी नुसतं ताट पुढं केलं आणि बाजूला झालो. मग त्यांनी गाडीला कुंकू लावलं, एकाच बोटानं.